एक जूनची माणसे

दिवाळीच्या फराळाला घरात तीन-चार पिढ्या जमल्या असतील, तर एक गंमत करून पाहावी. ताटे वाढून होईपर्यंत ज्याला त्याला त्याची जन्मतारीख विचारावी. लहान मुले तारीख, वार, वेळ सगळे सांगतील. यंदा केक कुठला हवा तेही सांगतील. पण साठीच्या पुढच्या मंडळींत एखादे काका, एखादी आत्या, बहिणीचे सासरे जरा घुटमळतील आणि म्हणतील, "एक जून." तेवढ्यात पलीकडून दुसरे कोणी म्हणेल, "माझीही एक जूनच की!" खेड्यातल्या काही घरांत तर सख्खे तीन भाऊ एक जूनचे निघतात, फक्त साल निराळे. मग कोणीतरी हसून खुलासा करते, "ती गुरुजींनी लावलेली तारीख हो! खरी कोणाला ठाऊक?"

गुरुजी ती लावीत कशी, हे नव्या पिढीला सांगायला हवे. शाळा जूनमध्ये उघडे आणि पहिलीत बसायला वयाची अट असे. आईबाप पोराला घेऊन देवळाच्या ओसरीत भरणाऱ्या शाळेत येत. गुरुजी दाखल-खारीज रजिस्टर उघडून विचारीत, "जन्म कधीचा?" बाप आईकडे पाही. आई पदर सावरून सांगे, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा." दुसरी सांगे, "बाजरी काढणीला आलती तवाचा." तिसरी, "पानशेत फुटलं त्या साली." चौथी, "कोयनेचा भूकंप झाला तवा ह्यो पोटात होता." यांतले एकही उत्तर खोटे नव्हते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. ज्या बाईच्या अंगावरून तो दिवस गेला, तिच्याइतकी त्याची आठवण सरकारी दप्तराला कुठून असणार? पण रजिस्टरातल्या रकान्याला दिवस, महिना, वर्ष असे तीन आकडे लागत. पोळा त्यात मावत नसे.

मग गुरुजी पोराला म्हणत, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर बघू." कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला. शाळा सुरू होण्याच्या महिन्यापासून सहा वर्षे मागे मोजायची आणि टाक बुडवून लिहायचे : १ जून.

ही तारीख कोणत्या घरांत सापडते, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या घरात बारशाच्या आधी भटजी पत्रिका मांडून जात, त्या घरातल्या मुलाला एक जून सहसा लागला नाही. एक जून लागला तो डोंगरातल्या वस्तीवरच्या, गावकुसाबाहेरच्या, पालावरच्या मुलांना. ज्यांच्या घरात त्याआधी कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांना. म्हणजे महाराष्ट्रात अक्षर पहिल्यांदा ज्या घरात शिरले, त्या दिवसाची ती खूण आहे म्हणा ना. माणूस जन्मला तो दिवस तो नव्हे. पण काहीतरी त्या दिवशी जन्मले खरे.

वयाचा हा रकाना तसा फार जुना नव्हे. पंतोजीच्या शाळेत सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच धूळपाटीवर बसत. मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करा, असे कायद्याच्या भाषेत म्हणायचे ठरले, की कोणत्या वयाच्या मुलांना, हा प्रश्न आलाच. गोखल्यांनी १९११ साली जे विधेयक मांडले त्यात सहा ते दहा वर्षांचे मुलगे होते. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत शिक्षण प्रत्यक्षात आणले. चांगल्या कामालाही आकडा लागतो, आणि आकडा नसला की तो कोणालातरी तयार करावा लागतो.

तर प्रश्न असा, की गुरुजी खोटे बोलले का?

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत अशा प्रश्नांची उत्तरे ठरलेली असतात. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९७ साली लिहून ठेवले, की मित्राचा जीव घ्यायला आलेला खुनी दारात उभा राहून "तो घरात आहे का?" असे विचारीत असला, तरी त्याच्याशीसुद्धा खोटे बोलू नये. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात नेमके उलटे सांगितले आहे. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिक नावाच्या ब्राह्मणाने दरोडेखोरांना माणसे कुठे लपली ते खरे सांगितले. माणसे मेली आणि कौशिक नरकात गेला. दोन्ही गोष्टी विचार करायला लावणाऱ्या आहेत, पण आमच्या गुरुजींच्या उपयोगाच्या नाहीत. त्यांच्या दारात खुनी नव्हता. एक बाई होती, एक पोर होते आणि एक रिकामा रकाना होता.

त्यांच्या जवळची गोष्ट छांदोग्य उपनिषदात आहे, आणि मला ती नेहमी शाळेत नाव घालण्याचीच गोष्ट वाटत आली आहे. सत्यकाम नावाचा मुलगा गौतम ऋषीकडे शिकायला जायचे म्हणून आईला आपले गोत्र विचारतो. आई जबाला सांगते, मी तरुणपणी अनेक घरी कामे केली, त्या काळात तू झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम; तेवढेच सांग. मुलगा गुरूपुढे जाऊन तेच जसेच्या तसे सांगतो, आणि गौतम त्याला ठेवून घेतो.

सत्याचा गौरव म्हणून ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. माझी नजर मात्र गौतमावर जाते. मुलगा म्हणाला, "माहीत नाही." एवढे ऐकल्यावर गौतमाला रकाना कोरा ठेवता आला असता. पण त्याने तो कोरा ठेवला नाही. इतके खरे बोलणारा ब्राह्मणच असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्याने तो भरून टाकला! उपनिषदातल्या गुरूलाही रिकाम्या रकान्याने स्वस्थ बसू दिले नाही, तर तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबाला भिणाऱ्या गुरुजींचे काय? दोघांनीही एकच केले. मुलाला आत घेतले आणि कागदाला हवे ते कागदाला दिले.

पण कागद काही विसरत नाही. एकदा शाळा सोडली, की जन्मतारीख सहजासहजी बदलता येत नाही. सरकारी नोकरीत लागल्यावर बदलायची, तर पहिल्या पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो. पोळ्याचा पुरावा कोण देणार? आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हायचा, असा नियम आहे. म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपाच्या हारांची चंगळ उडते. इतकी माणसे एका दिवशी घरी जातात, की नवख्याला वाटावे या राज्यात मे महिना संपला की माणसे अचानक म्हातारी होतात.

माझे एक ज्येष्ठ सहकारी असेच ३१ मे रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची आई सांगे, की ते नरकचतुर्दशीच्या पहाटेचे. बाहेर फटाके वाजत होते आणि सुईण म्हणाली होती, "नरकासुर मारूनच आलाय." दर दिवाळीला पहिल्या अंघोळीनंतर आई त्यांना दोनदा ओवाळी, एकदा सणाचे, एकदा वाढदिवसाचे. निरोपसमारंभ आटोपल्यावर त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि आहेराच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. जून ते ऑक्टोबर, पाच महिन्यांचा पगार. बराच आकडा आला. मला दाखवून म्हणाले, "बाई, हे वसूल कोणाकडून करायचं?" गुरुजी केव्हाच वारले होते. मग त्यांनी ते पाकीट खिशात घातले आणि जूनमध्ये त्यांच्या वर्गाला कोण मिळणार, याची चौकशी करू लागले. कोणी मिळणार नव्हते. जुन्या गुरुजींनी दयेने लावलेल्या तारखेने शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी शाळेची खुर्ची रिकामी केली होती.

आता थोडे आमच्या हल्लीच्या जूनविषयी. मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राज्यात अशा ३४ जिल्हा परिषदा आहेत. शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पण आमचे नवे वर्ष गुढीपाडव्यालाच सुरू होते. "गुढीपाडवा, पट वाढवा" अशी घोषणाच आहे. घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करायची. शाळापूर्व तयारीचा मेळावा घ्यायचा. त्यात नव्या मुलांची पावले कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायची. पत्र्यांची गळती काढायची, तालुक्याहून पुस्तकांचे गठ्ठे आणायचे, तांदळाला सोंडे लागले नाहीत ना पाहायचे. पहिल्या दिवशी सजवलेल्या बैलगाडीतून मुलांची मिरवणूक. हे सगळे मला मनापासून आवडते. नव्या पुस्तकाचा वास घेणारे पोर पाहिले, की वर्षभराची उमेद येते.

पण या धामधुमीच्या मधोमध एक शब्द बसलेला असतो : पट. पटावर किती नावे, यावर शिक्षक किती, हे ठरते. यालाच संच मान्यता म्हणतात. पट फार घसरला की शाळा राहते की जाते, अशी कुजबुज सुरू होते. म्हणून एक जूननंतर जन्माला आलेले दुसरे असत्य म्हणजे फुगवलेला पट. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा हजेरीत असलेली पण जगात नसलेली मुले ढिगाने सापडली. त्यांच्या नावाने तांदूळ शिजला होता, पगार निघाले होते. त्यानंतर आधार क्रमांकाची जोड आली. हल्लीच्या काळात मुलाचे नाव, जन्मतारीख आधारशी जुळली नाही, तर संच मान्यतेच्या मोजणीत ते मूल धरले न जाण्याचेही प्रकार घडले. मूल समोर बसून पाढे म्हणते आहे, आणि यंत्र म्हणते आहे, ते नाही! पूर्वी खोट्या तारखेने खरे मूल आत आले. आता खरे मूल तारखेपायी बाहेर राहते.

दोन्ही नोंदी खोट्याच, मग गुरुजींना आपण हसून सोडतो आणि पट फुगवणाऱ्यावर चिडतो, ते कोणत्या न्यायाने? पहिल्याचा हेतू चांगला, दुसऱ्याचा वाईट, हे उत्तर मला पुरत नाही. हेतू कोणाचा कोणी पाहिला आहे? मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. म्हणजे रोज रात्री शंभर खोट्या गोष्टी लिहिते आणि प्रकाशकाने दिलेच तर त्याचे पैसेही घेते. सकाळी हजेरीत एक खोटी रेघ ओढायला मात्र हात अडतो. का अडतो, याचा मी बराच विचार केला. कादंबरी वाचणाऱ्याला ठाऊक असते, की हे रचलेले आहे. गुरुजींचा एक जूनही आईबापांना ठाऊक होता. भर ओसरीत, चार माणसांत तो लिहिला गेला. मोठेपणी त्या मुलाला कोणी विचारले, तर तोही हसून सांगू शकतो. ज्याच्या नावाने ती नोंद झाली, त्याच्यासमोर ती वाचून दाखवता येते. पाच महिन्यांचा पगार बुडाला तरी येते. फुगवलेल्या पटाची नोंद अशी कोणासमोर वाचून दाखवायची?

आमच्या भागातली अर्धी गावे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरे जूनमध्ये दाखल होतात, सहामाही परीक्षा देतात, आणि कारखान्याचे बॉयलर पेटले की बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जातात ती चैत्राच्या तोंडावर परततात. काहींना आजीआजोबांकडे ठेवून हंगामी वसतिगृहातून जेवण मिळते, सगळ्यांना नाही. गेलेल्या मुलाचे नाव काढायचे की ठेवायचे? काढले तर ते परत येताना बिचकते. मी ठेवते, आणि पुढे गैरहजर लिहिते. वरिष्ठांना गैरहजेरी खपत नाही, हे खरे. पण त्या पोराला हजर लिहिणे म्हणजे काय? ते फडात वाढे बांधत असताना त्याच्या वाटणीची खिचडी शाळेत शिजली, असे कागदावर म्हणणे. चैत्रात ते परत आले, की ते पान त्याच्यासमोर मला उघडता आले पाहिजे.

इथवर सोपे होते. या जूनमध्ये मात्र गावातले एक वयस्कर गृहस्थ शाळेत आले. गावची दहा पोरे पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. ते म्हणाले, "बाई, ती धा पोरं हितं बी लिवा. शाळा राहिली पायजे. समद्या गावाच्या सह्या आणून देतो." त्यांना यात दमडी मिळणार नव्हती. त्यांची नात माझ्याकडे तिसरीत आहे; ही शाळा गेली, तर पुढची शाळा ओढ्यापलीकडे, आणि श्रावणात त्या ओढ्याला माणूस उतरत नाही. पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असे शिक्षण हक्काचा नियम सांगतो; तो नियम त्यांनी वाचलेला नव्हता, पण त्यांची मागणी तीच होती. शिवाय माझ्या कसोटीला ते पुरून उरत होते. चोरून काही नव्हते. सगळ्या गावाच्या सह्या!

मी नाही म्हटले. पोर्टलवर एकच मूल दोन ठिकाणी दिसले की पकडले जाते, हे खरे. पण पकडले जाणार नसते तरीही मी नाहीच म्हटले असते. कारण हजेरी ही पुकारायची गोष्ट आहे. रोज सकाळी मी नावे घेते आणि पोरे "हजर बाई" म्हणतात. ती दहा नावे मी पुकारली असती, तर वर्ग गप्प राहिला असता आणि मी मान खाली घालून रेघ ओढली असती. गावच्या सह्या मोठ्यांच्या होत्या. ऐकणारी त्यांची नात होती, आठ वर्षांची. नाव न पुकारता लिहिले असते, तर तिला कळले नसते, असे कोणी म्हणेल. आठ वर्षांच्या मुलींना काय काय कळते, हे असे म्हणणाऱ्याला ठाऊक नाही.

ते गृहस्थ आता वाटेत भेटले तर माझा नमस्कार घेत नाहीत. त्यांचे चुकले, असे मला म्हणवत नाही. शाळा गेली, तर त्यांच्या नातीला ओढा ओलांडावा लागेल. माझी बदली दुसऱ्या शाळेत होईल. माझ्या खरेपणाची किंमत माझ्यापेक्षा त्या मुलीला जास्त पडेल, हे मला दिसते. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राच्या गोष्टीतही तारामती आणि रोहिदास यांना कोणी विचारले नव्हते.

एक जूनची पिढी आता संपत आली. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि त्याची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्मदाखला हाच पुरावा राहील. ती मुले पहिलीत यायला अजून अवकाश आहे. तोवर, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम आमच्या हाताशी आहे, आणि आईबापांनी लिहून दिलेली तारीख चालते.

२०२५ च्या जूनमध्ये एक ऊसतोडणीवाली बाई पोरीला घेऊन आली. पोर कोपीवर जन्मलेली, जन्माची नोंद कुठेच नाही. बरोबर सासूबाई होत्या. मी विचारले, "जन्म कधीचा?" ती म्हणाली, "थंडी लई व्हती." मागे पालकांची रांग होती आणि एक जून लिहायला अर्धा मिनिट पुरले असते. गुरुजींच्या वर्गात साठ-साठ पोरे असत. माझ्याकडे एवढी घाई नव्हती. मी तिला खाली बसवले, चहा मागवला. संक्रांत झाली होती का? झाली होती. रथसप्तमी? नव्हती. मग तिला आठवले, की कोपीजवळ एक शाळा होती आणि त्या शाळेत झेंडा होता. पोरे घोषणा देत फडाच्या कडेने गेली होती आणि कोणीतरी तिला गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे २६ जानेवारी, २०१९. "त्याच्या दुसऱ्या दिशी ही झाली," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या नव्हं, तिसऱ्या. मी पाणी तापवलंय, मला इचारा." दोघींचे तिथेच वाजले. शेवटी मी आईने सांगितलेली, २७ जानेवारीची तारीख घेतली, दोघींना वाचून दाखवली आणि खाली आईचा अंगठा घेतला. सासूबाई अजून म्हणतात, बाईंनी एक दिवस आधीच लिहिला.